मन्हा खोकामा बॉल येसच नही

“सर, मन्हा खोकामा बॉल येसच नही.”

सातवीतला डावखुरा. हात कमरेवर, पाय अनवाणी, आणि तोंड असं की सगळ्या वर्गाला खाऊ वाटला आणि नेमका याच्या बाकापाशी येऊन डबा संपला. तो उभा होता तो खोका, म्हणजे पट्टा, मीच फक्कीने आखला होता. मैदानाची डावी कड, अगदी कंपाउंडला लागून. वीस मिनिटं तो तिथे इमानेइतबारे उभा होता आणि तेवढ्या वेळात त्याच्याकडे बॉल आला दोनदा. त्यातला एकदा तर भिंतीवर आपटून.

मी गणित शिकवतो. आमची शाळा अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आहे. इथे मैदानावरचा खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो, नाहीतर क्रिकेट. फुटबॉल माझ्या गळ्यात पडला, कारण तो घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं आणि रात्री जागून युरोपातल्या मॅचेस बघायचा माझा नाद स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होता. “तुम्हाला तर येतंच की सर!” असं म्हणून फाइल माझ्याकडे सरकली. बघता येणं आणि शिकवता येणं यात किती अंतर असतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं. गणिताचा मास्तर आहे मी, अंतरं मोजणं हाच माझा धंदा.

तर ते पट्टे. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कापूस लावायची एक दोरी आहे. नायलॉनची, हिरवी, दर चार फुटांवर गाठ आणि गाठीत लाल चिंधी. ठिबक यायच्या आधी आमच्याकडे कापूस फुलीवर लागायचा. दोरी ताणायची, चिंधीपाशी सरकी टोबायची, मग दोरी उचलून पुढच्या ओळीत. उभ्याही ओळी सरळ, आडव्याही सरळ, त्यामुळे कोळपं दोन्ही अंगांनी फिरायचं. आता नळ्या पसरल्यापासून आडवी कोळपणी बंद झाली, पण दोरी नानांनी खुंटीला जपून ठेवलेली. ती मी न विचारता शाळेत नेली आणि मैदानावर पाच उभे पट्टे पाडले. कडेचे दोन, मधला एक, आणि कड आणि मध्य यांच्यामधले दोन. त्या शेवटच्या दोघांना आता सगळं जग हाफ-स्पेस म्हणतं. आमच्या पोरांनी त्यांचं नाव ठेवलं ‘अधलीमधली’. मला तेच जास्त बरोबर वाटतं.

ही कल्पना अर्थातच माझी नाही. स्पेनचा प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला २०१३ साली जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबला गेला तेव्हा त्याने सरावाच्या मैदानावर असेच पट्टे आखून घेतले होते. नियम असा की एका उभ्या पट्ट्यात आपले दोनपेक्षा जास्त खेळाडू नकोत आणि एका आडव्या ओळीत तीनपेक्षा जास्त नकोत. कुणी तुमच्या पट्ट्यात आला तर तुम्ही निघायचं. एवढंच. गणिताच्या मास्तराला आणखी काय हवं? मी हरखून गेलो. फळ्यावर आकृत्या काढल्या, दोरी ताणली, फक्की टाकली, अकरा पोरं अकरा जागी उभी केली, आणि विसाव्या मिनिटाला हा पोरगा माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा.

त्याला समजावायला मी मांडी घालून बसलो. म्हटलं, हे बघ, तू कडेला उभा आहेस म्हणून त्यांचा एक बचाववाला तुझ्यापाशी ओढला जातो. तो ओढला गेला की त्यांच्या ओळीत फट पडते. त्या फटीतून आपला बॉल जातो. म्हणजे तुला बॉल मिळाला नाही तरी तू काम करतोच आहेस.

त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग मी बुजगावनं शे का, सर?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही धड नाही. पण तेव्हापासून मी मॅच बघतो ती या प्रश्नाच्या खिडकीतून. सगळे मोठे प्रशिक्षक नकाशा साधारण सारखाच आखतात. फरक पडतो तो कडेला उभ्या असलेल्या पोराला ते काय सांगतात यात.

हॉलंडच्या योहान क्रायफने अयाक्स क्लबमध्ये रिनस मिशेल्सच्या हाताखाली शिकलेली ही विद्या १९८८ मध्ये प्रशिक्षक म्हणून बार्सिलोनात नेली, १९९२ ला युरोपियन कप जिंकला, आणि त्या संघात मधोमध खेळणाऱ्या किडकिडीत ग्वार्दिओलाने ती उचलली, ही वंशावळ बहुतेकांना पाठ असते. मला त्यात जास्त रस आहे तो मधल्या एका भांडणात. क्रायफनंतर वर्षभराने बार्सिलोनात लुई व्हॅन गाल आला. १९९५ साली अयाक्सच्या पोरसवदा संघाला त्याने युरोपचा विजेता केलं होतं. त्याच्या आखणीत विंगर, म्हणजे कडेचा आघाडीवाला, तो विंगरच, कड धरूनच राहायचं. आणि त्याच्याकडे होता ब्राझीलचा रिव्हाल्डो. १९९९ चा बलॉन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, रिव्हाल्डोला मिळाला आणि साधारण त्याच सुमाराला त्याने सांगून टाकलं की मी आता डाव्या कडेला खेळणार नाही, मला मधे खेळायचंय. व्हॅन गालने त्याला थेट संघाबाहेर बसवलं. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला!

म्हणजे मन्हा खोकामा बॉल येसच नही. तक्रार तीच, फक्त पोर्तुगीजमधून.

ग्वार्दिओलाचा असाच एक किस्सा फ्रान्सचा आघाडीवाला थिएरी हेन्रीने पुढे टीव्हीवर सांगितला. बार्सिलोनात हेन्रीची जागा डाव्या कडेला. एका सामन्यात बॉल येईना म्हणून तो कंटाळून स्वतःच उजव्या बाजूला गेला, खेळात घुसला, आणि गोलही केला. मध्यंतराला ग्वार्दिओलाने त्याला बदली केलं. गोल करणाऱ्याला! हेन्रीच्या सांगण्यावरून हिशोब असा होता की मैदानाच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत संघाला नेणं हे प्रशिक्षकाचं काम, तिथवर जागा सोडायची नाही. एकदा तिथे पोचलात की पुढचं तुमचं. तिथे नाचा, फिरा, काय वाटेल ते करा. व्हॅन गाल आणि ग्वार्दिओला यांच्यातला फरक मला या ‘पुढचं तुमचं’मध्ये दिसतो. शिस्त दोघांचीही कडक. पण ग्वार्दिओलाच्या शिस्तीला मुदत होती.

तरी जॅक ग्रिलिशचं मला वाईट वाटतं. इंग्लंडच्या ॲस्टन व्हिला क्लबात तो गावचा पाटील होता, प्रत्येक बॉल त्याच्या पायातून जायचा, वाटेल तिथे फिरायचा. २०२१ मध्ये ग्वार्दिओलाच्या मँचेस्टर सिटीने त्याच्यासाठी १० कोटी पौंड मोजले आणि नेऊन डाव्या कडेला उभा केला. बॉल घे, थांबव, परत दे. २०२३ मध्ये तीन करंडक जिंकणाऱ्या संघात तो होता, त्याच्या उभं राहण्यानेच मधल्यांना श्वास मिळत होता, हे सगळं खरं. पण व्हिलातला तो पोरगा कुठे गेला, हे मला बघताना दर वेळी वाटायचं. जगातलं सगळ्यात महाग बुजगावणं, असं मी एकदा स्टाफरूममध्ये बोललो तर मराठीच्या मॅडम हसल्या. बाकी कुणाला ग्रिलिश माहीत नव्हता.

कडेच्या पोराला थांबायला लावणारे वेगळे, आणि बॉलवाल्यालाच थांबायला लावणारा वेगळा. रॉबर्टो डी झेर्बीचा इंग्लंडमधला ब्रायटन संघ पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं मोबाइल अडकला. त्यांचा बचाववाला लुईस डंक स्वतःच्या पेनल्टी बॉक्सपाशी बॉलवर तळवा ठेवून नुसता उभा. एक सेकंद, दोन सेकंद, तीन. समोरचा धावून येईपर्यंत हलायचंच नाही. तो आला की त्याच्या पाठीमागे मोकळी झालेली जागा गाठायची, एका स्पर्शात पुढे, तिथून मागे, तिथून तिसऱ्याकडे. बैलाला अंगावर घेतल्यासारखं. ग्वार्दिओलाचे खेळाडू बॉल फिरवून फिरवून समोरच्याला हलवतात; डी झेर्बीचे त्याला आमंत्रण देतात. २०२२-२३ मध्ये ब्रायटन सहावा आला आणि त्या क्लबला पहिल्यांदा युरोपातल्या स्पर्धेचं दार उघडलं.

हे मी आमच्या पोरांना शिकवलं. आता हसू नका.

तालुक्याच्या १४ वर्षांखालच्या स्पर्धेत आमच्या गोलकीपरने बॉलवर पाय ठेवला. समोरचा पोरगा आला. आमच्या कीपरने माझ्याकडे बघितलं. मी हाताने ‘थांब’ केलं. तो थांबला. समोरच्याने त्याच्या पायाखालून बॉल काढून घेतला आणि रिकाम्या गोलमध्ये चालत नेला. दुसऱ्या वेळी कीपरने वेळेत पास दिला, पण मैदान मुरमाचं. खडीवर टप्पा पडून बॉल आमच्या बचाववाल्याच्या गुडघ्याएवढा उडाला आणि तोही गोल. ०-४ ने हरलो. त्यातले दोन माझे. बाहेर उभ्या एका पालकाने शांतपणे विचारलं, “सर, तो बॉल लवकर मारत का नाही?” मी ‘पोझिशनल प्ले’, जागा धरून खेळणं, असं काहीतरी पुटपुटलो.

त्या रात्री मला व्हिन्सेंट कोम्पनीने धीर दिला. ग्वार्दिओलाचा हा जुना कर्णधार. बर्नलीचा प्रशिक्षक म्हणून त्याने २०२२-२३ मध्ये हाच खेळ खेळवून इंग्लंडच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये १०१ गुण काढले. वर चढला, तोच खेळ तसाच ठेवला, आणि पुढच्या हंगामात २४ गुणांवर खाली आला. मागून बॉल बांधत आणायचा, आणि समोर असे पहिलवान की तो बांधून होण्याआधीच सोडवून न्यायचे. मग काय झालं? बायर्न म्युनिकने त्यालाच बोलावलं आणि २०२५ मध्ये तो जर्मनीचा विजेता. माणूस तोच, नकाशा तोच, जमीन वेगळी. काळ्या कसदार जमिनीत चार फुटांवर कापूस डेरेदार होतो. बरड्यावर तीच दोरी ताणली तर मधली जागा उघडीच राहते. हे नाना मला कितीदा सांगत आलेत, कापसाबद्दल.

इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीचं नाव इथे घ्यायला हवं, कारण आपल्या राज्यात हा खेळ कुणी दाखवला तर त्यांनी. बार्सिलोनाच्या युवा संघांत काम केलेला सर्जिओ लोबेरा २०२०-२१ मध्ये आला, कोरोनामुळे सगळी लीग गोव्यात, प्रेक्षकांविना. त्या रिकाम्या स्टँडमुळे टीव्हीवर खेळाडूंचे आवाज ऐकू यायचे. लीगही जिंकली आणि अंतिम सामन्यात मोहन बागानला २-१ ने हरवून करंडकही. पोरांना मी ते दाखवलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा पटलं की हे आपल्याकडच्या माणसांनाही जमतं.

पोरांचा मूळ स्वभाव मात्र वेगळाच. पट्टे पुसले आणि ‘खेळा’ म्हटलं की अकराच्या अकरा जण गुळाच्या भेलीला मुंगळे लागावेत तसे बॉलला लागतात. मी यावर ओरडायचो. मग फर्नांडो दिनिझचा फ्लुमिनेन्से संघ बघितला आणि ओरडणं कमी झालं. ब्राझीलचा हा प्रशिक्षक मानसशास्त्र शिकलेला. त्याच्या संघात माणसं जागेवर थांबत नाहीत, बॉलपाशी गोळा होतात. कधी पाच-सहा जण एकाच कडेला, खांद्याला खांदा लावून, इवले इवले पास देत, भिंतीतून वाट काढावी तसे. नकाशाच नाही, नाती आहेत. या पद्धतीने त्यांनी ४ नोव्हेंबर २०२३ ला माराकाना मैदानावर बोका ज्युनियर्सला २-१ ने हरवून लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली. डिसेंबरात जेद्दाला तेच ग्वार्दिओलाच्या सिटीसमोर उभे राहिले आणि पहिल्याच मिनिटात गोल खाल्ला. शेवटी ०-४. नकाशावाले जिंकले, नातेवाईक हरले, असं म्हणून अनेकांनी विषय मिटवला. मला तेवढं सोपं वाटत नाही. सिटीच्या एका बाकावर बसलेल्या खेळाडूंच्या किमतीत फ्लुमिनेन्सेचा सगळा संघ निघाला असता. पण माझा डावखुरा ती मॅच बघताना पहिल्यांदा पुढे सरकून बसला होता, एवढं मी लक्षात ठेवलं.

आणि मग ३१ मे २०२५ ची रात्र.

त्या आठवड्यात आमच्या फिडरला रातची लाईट होती. गुलाबी बोंडअळीच्या धाकाने जूनच्या आधी कापूस लावू नका असं कृषी खातं सांगतं, नाना ते पाळतात, म्हणून उद्या-परवा लावणीच्या बेताने ठिबक सोडून जमीन ओली करायची होती. मी मोटर चालू करायला म्हणून मळ्यात गेलो, पण खरं कारण साडेबाराची मॅच. म्युनिकमध्ये पॅरिस सेंट-जर्मेन आणि इंटर मिलान. विहिरीपाशी बाज, बाजेवर उशीला टेकवलेला मोबाइल, चार्जिंगची वायर स्टार्टरच्या पेटीतून. नाना बाजेच्या दुसऱ्या टोकाला, डोक्याला टॉवेल गुंडाळून. त्यांना फुटबॉलचं काही नाही. पण लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून ते झोपत नाहीत.

बाराव्या मिनिटाला पॅरिसच्या व्हितिन्याने आत बॉल घातला, दुएने तो आडवा ढकलला, आणि गोलच्या तोंडाशी एकटाच उभा होता अशरफ हकीमी. त्याने नुसता पाय लावला. गोल केल्यावर दोन्ही हात वर करून माफी मागितली, कारण तो आधी इंटरकडूनच खेळलेला.

“हाऊ कोन?” नानांनी विचारलं.

म्हटलं, हकीमी. उजवीकडचा बचाववाला. याची जागा खरं म्हणजे मागे, तिकडच्या कोपऱ्यात.

“मंग हाऊ आठे कसा उना?”

मी म्हटलं, या प्रशिक्षकाचं असंच आहे. लुईस एन्रिके नाव. तो कुणालाही कुठेही जाऊ देतो. तो डेम्बेले बघा, नावाला मधला आघाडीवाला, पण मागे येतो, कडेला जातो, आत्ता तर धावत त्यांच्या गोलकीपरच्या अंगावर गेला.

नाना थोडा वेळ गप्प बसले. ठिबकच्या नळीतून कुठेतरी पाणी फुसफुसत होतं. मग त्यांनी विचारलं, “मंग तेन्ही नांगी कोन भरी?”

नांगी. कापसाच्या ओळीत एखादं बी उगवत नाही तेव्हा पडते ती मोकळी जागा. आठ-दहा दिवसांत तिथे दुसरं बी टोबायचं, म्हणजे नांगी भरायची. उशीर झाला तर शेजारची झाडं तिला सावलीत घेतात आणि तिथे मग काही येत नाही. मी मोबाइल उचलून जवळ धरला आणि या वेळी बॉलकडे न बघता हकीमीच्या मोकळ्या कोपऱ्याकडे बघायला लागलो. कुणीतरी तिथे होतंच. कधी मधल्या फळीतला, कधी मागचा सरकलेला. माणूस बदलत होता, पण दोरीच्या गाठीवर झाड होतंच.

पॅरिस ५-० ने जिंकलं. युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात एवढ्या फरकाने त्याआधी कुणी जिंकलं नव्हतं. पाचवा गोल एकोणीस वर्षांच्या मायुलूने केला तेव्हा नाना घोरत होते.

त्या एका शब्दाने माझ्या डोक्यातले सगळे प्रशिक्षक नव्याने लावले गेले. व्हॅन गाल: नांगी पडूच द्यायची नाही, म्हणून कुणी हलायचंच नाही. आर्सेनलचा मिकेल आर्टेटा, जो डिसेंबर २०१९ पर्यंत ग्वार्दिओलाच्याच बाजूला बसायचा, तो बचाववाल्या झिन्चेन्कोला डावीकडून उचलून मधे आणायचा, पण त्याआधी मागचा गॅब्रिएल किती पावलं सरकेल हे ठरवूनच. भरायचं बी आधीच खिशात. लुईस एन्रिके: जा, जवळ असेल तो भरेल. दिनिझ म्हणतो कसली नांगी, शेत कुणाला हवंय.

आणि ग्वार्दिओला? तो मला सगळ्यांत लबाड वाटतो. २ मे २००९ ला रेआल माद्रिदच्या मैदानावर त्याने मेस्सीला मधल्या आघाडीच्या जागेवर लावलं आणि तिथे थांबू नको म्हणून सांगितलं. मेस्सी मागे आला. पुढची जागा रिकामी. कानाव्हारो आणि मेट्झेल्डर, दोन अनुभवी बचाववाले, धरायचं कुणाला ते न कळून एका रिकाम्या जागेची राखण करत राहिले. बार्सिलोना ६-२. म्हणजे याने नांगी मुद्दाम ठेवली. चौदा वर्षांनी त्याच माणसाने उलटं केलं: त्या पुढच्या जागेवर एर्लिंग हालांड नावाचा खांब रोवला, त्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये ३६ गोल, आणि भटकायला सोडला तो जॉन स्टोन्स, मागच्या फळीतला. हेन्रीला पट्टा सोडला म्हणून बाहेर काढणारा माणूस बचाववाल्याला म्हणतो, तू फिर. मला यात विसंगती दिसत नाही. एक झाड हलवायचं तर दुसरं पक्कं हवं, एवढं त्याला पहिल्यापासून कळत होतं. फक्त कोणतं हलवायचं हे तो दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, आणि बाकी जग त्याची जुनी आकृती फळ्यावर काढत बसतं. त्यात मी पण आलो.

लावणीच्या दिवशी नानांनी दोरी मागितली. ठिबकच्या रानात तिचं काम नव्हतं, पण कडेच्या तुकड्यात नळ्या नाहीत, तिथे हवी होती. खुंटीवर नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गाडीच्या डिकीतून काढून दिली. सगळी पांढरी, फक्कीने माखलेली, दोन चिंध्या गळून पडलेल्या. ते काही बोलले नाहीत. धोतराच्या सोग्याने एकेक गाठ पुसत बसले.

शाळा उघडली तेव्हा पहिल्या पावसाने मैदानावरच्या रेघा धुऊन गेल्या होत्या. मी परत आखल्या नाहीत. डावखुरा आता आठवीत. त्याला म्हटलं, तुला जायचंय तिथे जा. पण जाताना एकच करायचं, मागे बघून कुणाला तरी ओरडायचं, ‘नांगी भर!’ शब्द पोरांना समजावून सांगावा लागला नाही. निम्म्यांनी मागच्या आठवड्यात घरी तेच काम केलं होतं.

मॅच सुरू झाली. तो तिसऱ्याच मिनिटाला कड सोडून मधे घुसला, वळून ओरडला, आणि मागचा एक बुटका पोरगा पळत त्याच्या जागेवर जाऊन उभा राहिला. समोरचे दोघे डावखुऱ्यामागे धावले. आणि कधी नव्हे तो बॉल, मुरमावर एकही टप्पा न चुकता, सरळ त्या कडेच्या पट्ट्यात गेला. बुटक्यासमोर कुणी नव्हतं. त्याने आरामात दोन पावलं टाकली, मारला, गोल.

सगळे बुटक्याच्या अंगावर पडले. डावखुरा मैदानाच्या मधोमध उभा, हात कमरेवर, माझ्याकडे बघत.

“मी तठे व्हतू तवय नही उना ना, सर!”